बुलेटची ओतीव कव्हरं आणि घरची भट्टी: पावडर कोटिंगला छिद्रं का पडली

जुन्या बुलेटचं काम घरी काढलं की इंजिनाच्या बाजूच्या ॲल्युमिनियम कव्हरांचा प्रश्न येतोच. बफिंग करून चकाकी आणायची, की रंग द्यायचा? बफिंगची चकाकी एका पावसाळ्यात मंद होते. साधा स्प्रे पेंट पेट्रोल-ऑइलला टिकत नाही. म्हणून आता बरेच जण पावडर कोटिंगकडे वळतात: कोरडी रंगीत पावडर विद्युतभाराने भागाला चिकटवायची आणि भट्टीत भाजून तिचा थर करायचा. घरगुती पावडर गन सहज मिळते आणि पत्र्याची भट्टी कुठलाही चांगला फॅब्रिकेटर करून देतो. पत्र्याच्या भागांवर हे काम पहिल्याच प्रयत्नात जमतं, ओतीव भागांवर मात्र बहुतेकांचं बिघडतं. त्याचं कारण बहुधा गनमध्येही नसतं आणि पावडरमध्येही नसतं. इथे तशाच बिघडलेल्या एका कामाचा आणि ते कसं सावरलं त्याचा तपशील आहे.

काम काय होतं

गाडी जुन्या कास्ट-आयर्न इंजिनाची, चार गिअरची बुलेट ३५०. कोल्हापूरच्या एका मालकाने तीन भाग काळ्या रंगात करायला काढले: डाव्या बाजूचं चेनकेसचं बाहेरचं कव्हर, उजव्या बाजूचं गिअरबॉक्सचं बाहेरचं कव्हर आणि इंजिनाचं टायमिंग कव्हर. तिन्ही ॲल्युमिनियमची ओतीव. आधीच्या मालकांनी तिन्हींना वर्षानुवर्षं बफ मारलेला. ही शेवटची गोष्ट सुरुवातीला कुणाच्या लक्षात आली नाही आणि सगळं प्रकरण तिथेच येऊन थांबलं.

भट्टी दोन फूट रुंद, दोन फूट खोल, अडीच फूट उंच. आतून बाहेरून पत्रा आणि मध्ये दोन इंच रॉकवूल. खाली १५०० वॉटचे दोन हीटर, म्हणजे एकूण ३ किलोवॉट. २३० व्होल्टवर हा १३ अँपिअरचा भार होतो, त्यामुळे १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि त्याला शोभेल अशी वायर लागते. तापमान ठरल्या आकड्यावर धरायला पीआयडी कंट्रोलर, हीटर चालू-बंद करायला सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि तापमान मोजायला छताजवळ एक के-टाइप थर्मोकपल. आत पंखा नव्हता.

पावडर चकचकीत काळी, शुद्ध पॉलिस्टर, प्रिमिड जातीची (प्रिमिड म्हणजे भाजताना पॉलिस्टरला घट्ट बांधणारं रसायन). डब्यावरची सूचना: धातूचं तापमान २०० °से असताना १० मिनिटं.

पहिली खेप अशी: कव्हरं पेट्रोल आणि ब्रशने धुतली, नंतर कपड्याच्या पावडरच्या पाण्यात. वरून १२० नंबरचा एमरी पेपर मारला, थिनरने पुसलं, गॅस्केटच्या कडांना टेप लावला, पावडर मारली. पहिला हात विरळ वाटला म्हणून दुसरा हातही त्याच वेळी. कंट्रोलर २०० वर, भाग आत, दार बंद केल्यापासून २० मिनिटं मोजली. टायमिंग कव्हर सुदैवाने दुसऱ्या खेपेसाठी मागे ठेवलं होतं.

बाहेर आलेल्या दोन भागांवर तीन वेगवेगळे दोष होते.

गिअरबॉक्स कव्हरच्या सपाट चेहऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, दाटीने. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक छिद्राभोवती बारीक उंचवटा, म्हणजे आतून फोड येऊन फुटलेला. चेनकेस कव्हरच्या खालच्या कडेला वाटाण्याएवढे गोल खळगे. तिथे पावडर मागे सरकली होती आणि तळाशी उघडा धातू दिसत होता. तिसरा दोष हाताला कळला. याच कव्हरच्या मधल्या नटाभोवतीच्या जाड भागावर रंग दिसायला ठीक, पण नखाने दाबला की वण उठत होता.

तीन दोष, तीन कारणं

बिघडलेला भाग हातात आला की पहिली ओढ असते पावडर बदलायची. ती आवरावी. दोष भागावर नेमका कुठे आहे आणि कुठे नाही, याचा नकाशा आधी डोक्यात बसवावा. त्यातून निम्मं निदान होतं.

या खेपेत कव्हरांसोबत साध्या लोखंडी पत्र्याची एक पट्टी टांगली होती. तीच गन, तीच पावडर, तीच भट्टी. पट्टीवर संत्र्याच्या सालीसारखी थोडी सुरकुती होती, छिद्र एकही नव्हतं. म्हणजे पावडर ओली नव्हती, कॉम्प्रेसरमधून पाणी आलं नव्हतं. जे काही निघालं ते ओतीव धातूतून निघालं होतं.

दुसरा पुरावा गिअरबॉक्स कव्हरच्या आतल्या बाजूला होता. टेपच्या फटीतून थोडी पावडर आत उडून भाजली गेली होती. त्या जागी छिद्र नव्हतं. थर पातळ होता, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही, पण दिशा कळते. आतली बाजू ओतल्यानंतर कधी घासलेली नव्हती. बाहेरची मात्र पन्नास वेळा बफ झालेली.

साच्यात ॲल्युमिनियम थंड होताना साच्याला लागून असलेला थर आधी गोठतो. तो घट्ट असतो. त्याच्या खाली मात्र वायूचे आणि आकसण्याचे बारीक पोकळ कप्पे राहतात. भाकरीचा पापुद्रा निघाला की आतली पोकळी दिसते, तसं बफिंगने हे वरचं कातडं हळूहळू झिजतं आणि कप्प्यांची तोंडं उघडी पडतात. शिवाय बफच्या चाकाला लावतात ते कंपाउंड चरबी-मेणात कालवलेलं असतं. ते चाकाच्या दाबाने आणि उष्णतेने थेट या तोंडांत ठासलं जातं. पेट्रोलने वरचा चिकटपणा जातो. ठासलेला मेणाचा बूच जागचा हलत नाही.

आता भट्टीत काय होतं ते पाहू. पावडर साधारण १०० °सेच्या आसपास वितळायला लागते, पातळ होऊन पसरते आणि पुढे काही मिनिटांत घट्ट होऊन जाळं धरते. ओतीव भाग जाड असल्याने त्याचा गाभा उशिरा तापतो. कप्प्यातली हवा नुसती २७ वरून २०० °सेला गेली तरी तिचं आकारमान सुमारे १.५८ पट होतं. त्यात मेण आणि जुनं ऑइल वाफाळलं की दाब आणखी वाढतो. वरची पावडर पातळ असताना बुडबुडा सुटला तर जागा आपोआप भरून येते. पावडर घट्ट व्हायला लागल्यावर सुटला तर छिद्र तसंच राहतं. ओतीव भागावर हा दुसरा प्रकार जास्त घडतो, कारण धातू तापायला पावडरपेक्षा वेळ घेतो.

दोन हातांचा जाड थर इथे घातक ठरला. थर मोजला तेव्हा काही ठिकाणी १२० मायक्रॉनच्या वर भरला. एक बाब विकत घेताना कुणी सांगत नाही: प्रिमिड जातीच्या पॉलिस्टरमध्ये भाजण्याच्या रासायनिक क्रियेतच पाणी तयार होतं. ६०-७० मायक्रॉनच्या थरातून ते निघून जातं. १०० च्या पुढे त्याला वर यायला वाट पुरत नाही. म्हणजे या कव्हरवर खालून धातूतला वायू आणि थराच्या पोटातलं पाणी, दोन्ही एकाच वेळी वर येऊ पाहत होते.

चेनकेस कव्हरच्या खालच्या कडेचे खळगे मात्र वायूचे नव्हते. वायूच्या छिद्राला उंच काठ असतो, या खळग्यांचा तळ सपाट आणि स्वच्छ होता. ते तेल. चेनकेसमध्ये ऑइल खालीच साचतं आणि तिथल्या एका जुन्या हेअरलाइन भेगेत ते मुरलेलं होतं. भाग तापल्यावर तेल पातळ होऊन पृष्ठभागावर आलं आणि वितळलेली पावडर त्याच्यापासून दूर सरकली. सिलिकॉन असलेलं पॉलिश किंवा चेन स्प्रे त्या खोलीत मारला असेल तरी हुबेहूब असेच खळगे पडतात. म्हणून कोटिंगच्या जागेत असे डबे ठेवूच नयेत.

नटाभोवतीचा मऊ रंग म्हणजे कच्ची भाजणी. कंट्रोलर २०० दाखवत होता ती छताजवळची हवा होती. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर बसते आणि जाड धातू मागेच राहतो. हिशोब करून पाहा: २ किलो ॲल्युमिनियम १७५ अंशांनी तापवायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. ३ किलोवॉटच्या हीटरची सगळी उष्णता धातूलाच मिळाली तर हे दोन मिनिटांचं काम आहे. पण ती आधी हवेला, पत्र्याला, रॉकवूलला मिळते आणि हवेतून धातूत अगदी सावकाश जाते. प्रत्यक्षात जाड भागाला २० ते २५ मिनिटं सहज लागतात. दार लावल्यापासून २० मिनिटं मोजली म्हणजे या नटाभोवती भाजणी सुरूही झाली नव्हती.

भट्टीत केलेले बदल

आधी भट्टी दुरुस्त केली, कारण तापमान खरं कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे राहतं.

हीटरच्या वर चार इंचांवर एक पत्र्याचा आडोसा बसवला. लाल कॉइलचं थेट तेज भागावर पडलं की पातळ कडा करपते आणि जाड भाग कच्चा राहतो. मागच्या भिंतीत पंखा, पण मोटर पेटीच्या बाहेर आणि फक्त दांडा व पाती आत. पात्यांचा झोत भागावर थेट रोखू नये, नाहीतर न वितळलेली पावडर उडते. पावडर वितळेपर्यंत पंखा बंद ठेवणं हा साधा उपाय. वर एक इंचाचं धुराडं, बाहेर मोकळ्या हवेत सोडलेलं.

दुसरा थर्मोकपल थेट भागाला लावला. सगळ्यात जाड जागा शोधायची, तिथल्या आंधळ्या आट्याच्या भोकात थर्मोकपलचं टोक घालून स्क्रूने हलकं दाबायचं. पुढचं घड्याळ या आकड्यावर चालतं. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन इथे फसवते. उघडं चकचकीत ॲल्युमिनियम फार कमी उष्णता उत्सर्जित करतं, त्यामुळे ती खऱ्यापेक्षा खूपच कमी आकडा दाखवते. रंग चढलेल्या भागावर तिचा आकडा बरा येतो.

सॉलिड स्टेट रिलेबद्दल एक इशारा. तो बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. हीटर बंद होत नाही आणि कंट्रोलर असहाय होतो. म्हणून २६० °सेला तुटणारा वेगळा थर्मल कटआउट मुख्य लाइनवर हवा. ही भट्टी माणूस सोडून जाण्याची नाही. आणि ज्या ओव्हनमध्ये एकदा पावडर भाजली, त्यात पुन्हा कधीही खाण्याचा पदार्थ भाजू नये.

जुना थर काढणं

ॲल्युमिनियमवर कॉस्टिक सोड्याने रंग काढायला जाऊ नये. कॉस्टिक रंगाआधी धातूच खातो आणि वर काळी राख सोडतो. स्टीलसाठीच्या सात टाक्यांच्या पद्धतीत भाग टाकून आणण्याचा सल्लाही दिला जातो. त्यातली गंज काढायची ॲसिडची टाकी ओतीव ॲल्युमिनियमच्या कप्प्यांत ॲसिड सोडते आणि ते पुढे महिन्यांनी कोटिंगखालून पांढरी भुकटी होऊन वर येतं.

इथे मेथिलीन क्लोराइडचा जेल रिमूव्हर वापरला. हे काम फक्त उघड्या अंगणात करायचं. बंद बाथरूममध्ये याची वाफ माणसाला बेशुद्ध करून जीव घेऊ शकते. नेहमीचे निळे नायट्राइल हातमोजे या रसायनाला काही मिनिटंच टिकतात, त्यासाठी खास लॅमिनेट मोजे लागतात. जेल लावून १५-२० मिनिटांत थर सुरकुतून उठला. लाकडी पट्टीने खरवडून भरपूर पाण्याने धुतलं. नंतर भाग एक पूर्ण दिवस उन्हात उघडे ठेवले. हा द्रव सुमारे ४० °सेलाच उकळतो, त्यामुळे उन्हात निघून जातो. ही पायरी गाळू नये: उरलेली वाफ लाल तापलेल्या कॉइलवर गेली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

रिकामी भाजणी

सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे.

भाग ६० °सेच्या पाण्यात, सौम्य साबणात, नायलॉनच्या ब्रशने १५ मिनिटं धुतले, साफ पाण्याने काढले आणि ॲसिटोनने पुसून ते पूर्ण उडू दिलं. मग काहीही न लावता भट्टीत टांगले आणि धातू २३० °सेला पोचल्यापासून एक तास तसेच ठेवले. नियम सोपा आहे: रिकामी भाजणी खऱ्या भाजणीपेक्षा २०-३० अंश जास्त गरम आणि जास्त वेळ. जे बाहेर यायचं आहे ते रंग नसताना यावं.

गिअरबॉक्स कव्हर बाहेर काढलं तेव्हा चकचकीत चेहऱ्यावर शेकडो तपकिरी ठिपके होते, प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी एक. जळक्या मेणाचा वास सबंध अंगणभर. चेनकेसच्या खालच्या कडेला तर काळपट तेलाचा सरळ ओघळ आला होता आणि त्याने ती हेअरलाइन भेग पेन्सिलने आखल्यासारखी दाखवून दिली. ती भेग बाहेर टिग वेल्डिंगने भरून घेतली. कोटिंग म्हणजे भेगेवरचा इलाज नव्हे.

ॲसिटोनने पुसून दुसरी भाजणी ४५ मिनिटं. गिअरबॉक्स कव्हरवर ठिपके फिके आणि मोजके. तिसऱ्या भाजणीनंतर पांढरं सुती कापड फिरवलं तर स्वच्छ निघालं. किती वेळा भाजायचं याचा आकडा आधी सांगता येत नाही. कापड स्वच्छ निघेपर्यंत भाजायचं.

इथे एक सावधानता फार महत्त्वाची. हे तापमान कव्हरांना चालतं, कारण ती फक्त झाकणं आहेत. उष्णता-संस्कार करून ताकद दिलेलं ॲल्युमिनियम २०० °सेच्या वर बराच वेळ राहिलं तर मऊ पडतं. अलॉय व्हील, फोर्कचे टी, ब्रेकचे भाग अशा जिवावरच्या गोष्टी घरच्या भट्टीत २३० वर भाजू नयेत.

पुढची पायरी ब्लास्टिंग. ८० ते १२० मेशचं ॲल्युमिनियम ऑक्साइड, दाब ३ ते ४ बार. ज्या मशीनमध्ये आधी लोखंडाचं काम झालंय तोच माल वापरला तर लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे गंजतात. म्हणून नवा माल मागून घ्यावा. नदीची वाळू वापरणाऱ्याकडे भाग देऊच नये, त्या धुळीने फुफ्फुसं जातात. ब्लास्टिंगने आणखी थोडे झाकलेले कप्पे उघडतात, म्हणून त्यानंतर पुन्हा अर्धा तास २३० °सेची रिकामी भाजणी लागते. ती गाळली तर आधीची मेहनत निम्मी वाया जाते. कोटिंगच्या दुकानात ही शेवटची भाजणी वेळेअभावी वगळतात आणि मग दोष मालाच्या नावावर जातो.

ॲल्युमिनियमवर क्रोमेट किंवा झिर्कोनियमची रासायनिक पूर्वप्रक्रिया करणं उत्तमच. हेक्साव्हॅलंट क्रोमेट घरी हाताळू नये. घाटावरच्या गाडीला ब्लास्ट केलेला स्वच्छ पृष्ठभाग चालून जातो. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याची गाडी असेल तर तडजोड करू नये. खाऱ्या हवेत एका बारीक छिद्रातून सुरू झालेला गंज कोटिंगखाली केसासारख्या रेघांनी पसरत जातो. तिथे पूर्वप्रक्रिया बाहेरून करून घ्यावी.

पावडर आणि फवारणी

पावडर बदलली, पण निदान झाल्यावर. या वेळी टीजीआयसी जातीची पॉलिस्टर घेतली, म्हणजे प्रिमिडचं काम करणारं दुसरं रसायन असलेली. तिच्या भाजणीत पाणी सुटत नाही. शिवाय ओतीव भागांसाठीची, वायू सोडणारी ग्रेड. तिच्यातला बेंझॉइनसारखा घटक पावडर थोडा जास्त वेळ मोकळी ठेवतो, त्यामुळे बुडबुड्यांना निघायला सवड मिळते. पांढऱ्या रंगात हाच घटक जास्त भाजल्यावर पिवळसर झाक आणतो, काळ्याला ती अडचण नाही. टीजीआयसी आरोग्याला घातक आहे: पूर्ण बाह्या, हातमोजे आणि घट्ट बसणारा धुळीचा मास्क लागतोच.

टेक्स्चर पावडर घेतली तर छिद्रं दिसत नाहीत, असाही सल्ला मिळतो. ती दिसत नाहीत, पण असतात. पाणी त्यांतून जातच राहतं.

मास्किंगला, म्हणजे रंग नको त्या जागा झाकायला, साधा कागदी टेप लावला तर तो करपतो. हिरवा पॉलिस्टर टेप २०० °सेपर्यंत चालतो, आट्यांच्या भोकांना सिलिकॉनचे बूच. गॅस्केटच्या कडा, सील बसण्याची खाच, स्क्रूच्या डोक्याखालच्या गोल जागा या सगळ्या कोऱ्या राहायला हव्यात. स्क्रूखाली ७० मायक्रॉनचा थर राहिला तर इंजिनाच्या उष्णतेत तो दबत जातो, स्क्रू ढिला पडतो आणि ऑइल गळायला लागतं. लोक मग गॅस्केटला दोष देतात.

अर्थिंग मल्टिमीटरने तपासलं: भाग आणि जमिनीत उतरलेली अर्थ वायर यांत रेझिस्टन्स १ मेगओहमच्या खाली हवा. हूकवर जुना भाजलेला थर असेल तर अर्थिंग तुटतं आणि पावडर भागाला न चिकटता माणसाच्या बाहीला चिकटते. दर खेपेला हूक खरवडावा.

शेवटच्या भाजणीनंतर भाग ५०-६० °सेपर्यंत उतरू दिला आणि कोमट असतानाच पावडर मारली. पूर्ण थंड करून रात्रभर ठेवला तर कप्पे पुन्हा हवा आणि दमट ओढून घेतात, पावसाळ्यात तर जास्तच. उघड्या हाताने मात्र शिवू नये. गन भागापासून २० ते २५ सेंटिमीटरवर. आधी कोपरे आणि खाचा, मग सपाट चेहरा. कोपऱ्यात पावडर जात नसेल तर व्होल्टेज कमी करावं. वाढवलं तर ती कडेवरच साठते.

थर ६० ते ७० मायक्रॉन. गिअरबॉक्स कव्हरची बाहेरची बाजू अंदाजे ०.१२ चौरस मीटर धरली तर ६५ मायक्रॉनला सुमारे १२ ग्रॅम पावडर अंगावर बसते. निम्मी वाया गेली तरी २५ ग्रॅम पुरे. गनच्या कपात यापेक्षा फार जास्त संपली तर थर जाड झालाय हे समजावं.

हवेत उडालेली पावडर पेट घेते. फवारणी चालू असताना त्याच खोलीत हीटर, गॅसची शेगडी, ग्राइंडर काहीही चालू नको. सांडलेली पावडर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या असतात. ओल्या फडक्याने गोळा करावी.

भाजणी

भट्टी आधी २०० °सेला आणून भाग आत टांगले, भिंतीपासून किमान तीन इंच दूर. पावडर ओलसर चमकायला लागल्यावर पंखा चालू केला. नटाभोवतीचा थर्मोकपल १९५ ला पोचला तेव्हा हवेचा आकडा कधीच २०५ वर स्थिर झाला होता. तिथून १५ मिनिटं. सूचना २०० ला १० मिनिटांची होती, पाच अंशांची तूट वेळेने भरून काढली. पातळ कडा तोवर जास्त वेळ भाजल्या गेल्या, पण काळ्या पॉलिस्टरला एवढं चालतं. दार किलकिलं करून भाग आतच ५० °सेपर्यंत उतरवले. घाईने पाण्यात बुडवले तर थरात ताण राहतो.

तपासणी साक्षी पट्टीवर केली, कव्हरवर नाही. या वेळी पट्टीही ॲल्युमिनियमची आणि कव्हराच्या जाडीची. ॲसिटोनमध्ये भिजवलेला बोळा दाबून ३० वेळा पुढे-मागे फिरवला. बोळ्यावर रंग उतरला किंवा पृष्ठभाग चिकट झाला तर भाजणी कच्ची. किंचित चमक कमी होणं चालतं. मग ब्लेडने २ मिमी अंतरावर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा धातूपर्यंत मारून चिकटपट्टी लावली आणि ओढली. एकही चौकट निघाली नाही. थराची जाडी मोजायला नॉन-फेरस मीटर लागतो. लोखंडासाठीचा चुंबकीय मीटर ॲल्युमिनियमवर काहीच सांगत नाही.

गिअरबॉक्स कव्हरच्या चेहऱ्यावर भिंगाने शोधल्यावर तीन छिद्रं सापडली, तिन्ही न्यूट्रल फाइंडरच्या (गिअर थेट न्यूट्रलला आणणाऱ्या कळीच्या) भोकाजवळच्या जाड भागात. ओतीव भागावर इतकं राहतं. दुसरा संपूर्ण हात मारून ती भरायच्या फंदात पडू नये, जाड थरावर विद्युतभार साठून पावडर उलट खड्डे पाडते. त्या तीन जागी काळ्या टू-पॅक पेंटचा थेंब दिला.

टायमिंग कव्हर

तिसऱ्या भागाचं काय झालं? तो कोट केला नाही, आणि हा निर्णय बरोबर होता.

या इंजिनात ऑइलचे दोन्ही पंप आणि फिल्टरची जागा टायमिंग कव्हरमध्येच आहे. क्रँकला जाणारं ऑइल याच कव्हराच्या पोटातल्या बारीक वाटांतून जातं. ब्लास्टिंगचा एक चिमूटभर माल त्या वाटेत अडकला तर तो पहिल्या स्टार्टला बिग एंडमध्ये, म्हणजे क्रँकवरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये पोचतो. बूच लावून ब्लास्ट करणारे आहेत, पण आडव्या वाटांची तोंडं कारखान्यातच बंद केलेली असतात. त्या आतून साफ झाल्या की नाही हे पाहायला डोळा पोचत नाही.

दुसरी भीती बुशांची. कव्हरात घट्ट बसवलेली ब्राँझची बुशं ॲल्युमिनियमपेक्षा कमी प्रसरतात. २५ मिमी व्यासाच्या बुशाचा हिशोब केला तर १७५ अंश वाढीत भोक बुशापेक्षा सुमारे ०.०२२ मिमी जास्त मोठं होतं. ठोकून बसवलेल्या बुशाची पकड तेवढ्यात सैल होऊ शकते. मेकॅनिक कव्हर तापवूनच बुश काढतात ते याच कारणाने. रिकाम्या भाजणीच्या प्रत्येक फेरीत हा खेळ होणार, आणि बुश किंचित जरी फिरलं तरी त्याचं ऑइलचं भोक सरकतं.

म्हणून टायमिंग कव्हर फक्त धुऊन, ऑइलच्या वाटांत दोन्ही दिशांनी स्वच्छ डिझेल आणि मग हवा मारून, बाहेरून हाताने नायलॉनच्या पॅडने मंद केलं आणि ॲल्युमिनियमच्या रंगातच ठेवलं. काळ्या दोन कव्हरांशेजारी ते वेगळं दिसतं. मालकाला एकसारखंच हवं असेल तर इंजिनाच्या उष्णतेला टिकणारा, हवेत वाळणारा पेंट हाताने मारता येतो. त्याला ना ब्लास्टिंग लागतं ना भट्टी.

जोडणीच्या वेळी काळी कव्हरं आणखी एक दिवस तशीच ठेवून मग बसवली. चेनकेस कव्हर एकाच मधल्या नटावर धरलं जातं, म्हणून त्या नटाखाली तांब्याचा वॉशर टाकला आणि वॉशरखालची जागा कोरी असल्याची पुन्हा खात्री केली. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर दोन्ही कव्हरांचे स्क्रू-नट थंड इंजिनावर एकदा तपासायचे. उरलेली पावडर दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून, सिलिका जेलची पुडी टाकून, थंड कोरड्या जागी ठेवली. भट्टीशेजारच्या फळीवर ठेवलेली पावडर उन्हाळ्यात गोळे धरते आणि मग गनमधून अडकत-अडकत सुटते.